रविवारची पेशंट

आमच्या पुढच्या खोलीत एक लोखंडी खाट होती. ती बसायची नव्हती आणि झोपायचीही नव्हती. पाहुणा आला आणि सवयीने तिच्यावर टेकायला लागला, की बाबा खुर्ची पुढे सरकवत म्हणत, "तिच्यावर नका बसू, ती दवाखान्याची आहे." एक जुनं प्रसूतिगृह बंद पडलं तेव्हा आईने ती चाकांसकट उचलून आणली होती. आई नर्सिंगच्या शाळेत शिकवायची. विदर्भातल्या नर्सिंग शाळांची मिळून एक स्पर्धा व्हायची, बँडेज बांधणं, पेशंटला अंथरुणातच स्पंज करणं, पेशंट खाटेवर असताना चादर बदलणं अशा कामांची, आणि तिची तयारी आईकडे असायची. शाळेतल्या खाटांवर आठवडाभर वर्ग चालत, रविवारी शाळेला कुलूप. म्हणून दिवाळी झाली की दर रविवारी दुपारी दोघीतिघी मुली वसतिगृहातून पायी आमच्याकडे येत. घरात खाट होती, मेणकापड होतं, पितळी परात होती, आईने जुन्या पातळांच्या फाडलेल्या पट्ट्या होत्या. पेशंट तेवढा नव्हता. तो मी झाले.

मला कुणी तसं विचारलं नव्हतं. पहिल्या रविवारी आई म्हणाली, "बेबी, जरा पड इथे," आणि मी पडले. शाळेचं माझं शेवटचं वर्ष होतं, अभ्यासाचं कारण सांगता आलं असतं. पण खरं सांगायचं तर मला ते काम आवडायला लागलं. मी फार कमी बोलणारी मुलगी होते. घरी कुणी आलं की मी स्वयंपाकघरात जाऊन नसलेलं काम शोधायची. खाटेवर पडलेल्या माणसाला मात्र कुणी काही विचारत नाही. डोळे अर्धे मिटून सगळ्यांकडे बघत राहता येतं. पेशंटला माणसं खालून दिसतात. मला त्या मुलींच्या हनुवट्या पाठ होत्या, कुणाच्या गळ्याशी तीळ आहे, कुणी चुकली की जीभ दातांत धरते, कुणाच्या पदराला खोबरेल तेलाचा आणि कुणाच्या पदराला रॉकेलचा वास येतो, सगळं.

घर नागपूरच्या लकडगंजच्या कडेला होतं. आठवडाभर सकाळी लाकडाच्या गिरणीतली आरा मशीन सुरू झाली की ती कापणारी किंकाळी भिंतींतून यायची आणि आम्ही सगळे तिच्या वर आवाज चढवून बोलायला शिकलेलो होतो. बाहेरगावचे नातेवाईक म्हणायचे, तुम्ही भांडता का रे सारखे. मी तेवढी त्या आवाजाखालून बोलायची, म्हणजे कुणालाच ऐकू जायचं नाही. रविवारी आरे बंद. मग दूरच्या गल्लीतला कल्हईवाला ऐकू यायचा, अंगणातल्या लिंबावरच्या चिमण्या ऐकू यायच्या, आणि शेगडीवर पाणी सूं सूं करत तापायचं. शेगडी भुशाची होती. गिरणीतून पोतंभर भुसा यायचा. डब्याच्या मधोमध बाटली उभी धरून भोवती तो ठासून भरायचा आणि मग बाटली हळूच काढून घ्यायची, हे काम बाबांचं. रेल्वेच्या कचेरीत दिवसभर फायली ठासून त्यांचा हात बसला आहे असं आई म्हणायची. अंगणातल्या दोरीवर बँडेजच्या पट्ट्या वाळत असत, निळ्या काठाच्या, जांभळ्या ठिपक्यांच्या, कुणाच्या तरी जुन्या हिरव्या लुगड्याच्या. शेजारच्या काकू कुंपणावरून विचारायच्या, "मास्तरीणबाई, आज कोण पडलं?" आई न हसता सांगायची, "बेबी. दर रविवारी पडते."

आईची शिकवण्याची रीत कोरडी होती. ती खाटेच्या पायथ्याशी हात मागे बांधून उभी राहायची. चादरीचे कोपरे पाकिटासारखे दुमडलेले हवेत, उशीच्या खोळीचं तोंड दाराकडे नको, चाकं आत वळलेली हवीत. पट्टी खालून वर आणि आतून बाहेर. प्रत्येक वेढ्याने आधीच्या वेढ्याचे दोन भाग झाकायचे, एक उघडा ठेवायचा. हाताला बँडेज बांधलं तर बोटांची टोकं बाहेर. मग पेशंटला विचारायचं, घट्ट तर होत नाही ना? आणि विचारून झाल्यावर नख दाबून बघायचं. दाबलं की पांढरं होतं, सोडलं की गुलाबी यायला हवं. "पेशंट काहीही सांगेल," आई म्हणायची. "नखाकडे बघा." ती शाबासकी देत नसे. काम जमलं तर "हं" म्हणायची, आणि अगदीच उत्तम झालं तर "नीट आहे." आईकडून वर्षात दोनदा 'नीट आहे' मिळालेल्या मुली पुढे मेट्रन झाल्या, असं वसतिगृहात बोललं जायचं.

कुसुम त्या हिवाळ्यात आली. ती कुहीच्या बाजूची, धानाची शेती असलेल्या घरातली, दुसऱ्या वर्षाला होती. माझ्याहून दोनतीन वर्षांनी मोठी असेल. बोटांची टोकं चिखलात रोवणी करून करून जाड झालेली, पण पट्टी तिच्या हातात आली की वितळल्यासारखी फिरायची. मनगटाला वेढा, तळव्यावरून तिरपा, पुन्हा मनगट. आठाच्या आकड्यासारखे वेढे एकावर एक असे चढत की माशाचे खवले वाटावेत. रविवारी येताना ती पदरात उकडलेल्या तुरीच्या शेंगा घेऊन यायची, मीठ घालून उकडलेल्या, अजून कोमट. वसतिगृहाच्या स्वयंपाकिणीशी तिने काय साटंलोटं केलं होतं कोण जाणे. आई हात धुवायला आत गेली की एक शेंग सोलून दाणे माझ्या तोंडात टाकायची. "खा वं बेबी. पेशंटले ताकद पाहिजे."

तिला अडचण होती ती इंग्रजीची. परीक्षक मुंबईकडचे येणार, पेशंटशी बोलण्याचे वेगळे गुण, आणि ते बोलणं इंग्रजीत असलं तर छाप पडते, अशी सगळ्याच शाळांची समजूत होती, आईचीही. मी कॉन्व्हेंटमध्ये शिकणारी. तेव्हा कुसुमला वाक्यं पाठ करून द्यायचं काम माझ्याकडे आलं. मी वहीच्या कागदावर देवनागरीत लिहून दिलं. गुड मॉर्निंग. आय अ‍ॅम गोइंग टू बँडेज युवर हँड. आर यू कम्फर्टेबल? इज इट टू टाइट? त्याखाली पेशंटचं उत्तर: इट इज ऑल राइट. आणि त्याखाली पुन्हा कुसुमचं: थँक यू. ती बँडेज गुंडाळता गुंडाळता हे पुटपुटायची आणि मधेच थांबून म्हणायची, "हे म्हटलं का तोंडात गरम आलू धरल्यावानी वाटते मले." मग आम्ही दोघी हसायचो. माझं हसणं फारसं ऐकू यायचं नाही, पण खाट हलायची, आणि आई आतून विचारायची, "पेशंट हसतोय का?"

तिच्या घरी काय ठरलं होतं ते आम्हाला माहीत होतं, कारण ती ते लपवत नसे. मोठ्या भावाला तिचं शिकणं पसंत नव्हतं. शिकून शेवटी लोकांची घाण काढायची, त्याला तीन वर्षं कशाला, असं त्याचं म्हणणं. उन्हाळ्यात लग्न उरकायचं त्याने ठरवलंच होतं. तिने फार धोशा लावला तेव्हा तो म्हणाला, स्पर्धेत नंबर आला, पेपरात नाव छापून आलं, तर गावात दाखवता येईल. मग कर शिक्षण पुरं. तिने हे आम्हाला सांगितलं ते हसतच. पण त्या दिवशी तिने माझा एकच हात सात वेळा बांधला आणि सोडला.

इथे मला माझ्याबद्दल एक गोष्ट सांगावी लागेल. मी तक्रार करत नसे. हे काही चांगलं वळण म्हणून सांगत नाही. आमच्यासारख्या घरातून त्या कॉन्व्हेंटमध्ये गेलेली वर्गात मी एकटी होते. बाबांच्या वडिलांना त्या फाटकाच्या आतही कुणी घेतलं नसतं. बाबांनी मला तिथे घालताना फार काही सांगितलं नव्हतं, पण त्यांनी त्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घातला होता, आणि मला तेवढ्यावरून कळलं होतं की आपल्याकडे कुणाचं बोट जाता कामा नये. पाचवीत एकदा बुटातला खिळा वर आला असताना मी पूर्ण कवायत केली. बाकावर जागा नसली तर अर्धी बसायची. नन विचारायच्या, ऑल राइट? मी म्हणायची, यस सिस्टर, थँक यू. हे इतक्या वर्षांत अंगात इतकं मुरलं होतं की त्याला खोटं म्हणतात हे माझ्या लक्षातही आलं नव्हतं.

तर पहिल्या रविवारपासून असं चाललं होतं. स्पंजचं पाणी मुली गप्पा मारत तयार करायच्या, तोवर ते गार व्हायचं. नागपूरची पौषातली दुपार म्हणजे उन्हात बरी आणि सावलीत बोचरी. गार ओला टॉवेल पाठीवर आला की मला शहारा यायचा आणि मी तो दाबायची. चादर बदलताना कुशीवर वळवलं की खाटेचा लोखंडी काठ बरगडीत रुतायचा. आर यू कम्फर्टेबल? इट इज ऑल राइट. थँक यू. मुलींच्या हातांत ते तीन तुकडे एखाद्या कवितेसारखे बसून गेले. प्रश्न संपायच्या आत माझं उत्तर तयार असे आणि माझं उत्तर संपायच्या आत त्यांचं आभार मानणं. नख दाबायचं तेही त्याच लयीत. दाबलं, सोडलं, पुढे.

स्पर्धेच्या आधीच्या रविवारी कुसुमने माझ्या उजव्या हाताला बँडेज बांधलं. त्या दिवशी तिचे हात फार ओढून चालत होते. भावाचं पत्र आलं होतं, तो स्पर्धा बघायला येणार होता. तिसऱ्या वेढ्यालाच मला बोटांत ठोके जाणवले. सहाव्या वेढ्याला मुंग्या. तिने पिन लावली, विचारलं, मी म्हटलं, ऑल राइट. मग आई पायथ्याकडून वर आली, वाकून ते बँडेज बघितलं, त्यावरून बोट फिरवलं आणि म्हणाली, "नीट आहे."

कुसुमचा चेहरा मी खालून पाहिला. तिने ओठ आत ओढून घेतले होते, हसू सुटू नये म्हणून. आई आता नख बघणार हे मला माहीत होतं. माझी बोटं मला दिसत होती, निळसर. मी हात हळूच पांघरुणाखाली घेतला. थंडी वाजल्यासारखं केलं. आईने पांघरूण वर ओढून दिलं आणि ती लीलाम्माच्या चादरीकडे वळली. लीलाम्मा केरळातून आलेली होती आणि चादर बदलण्याच्या कामात आमच्या शाळेची उमेदवार होती.

पुढे मीही नर्सिंगच शिकले आणि शिकवलं. माझ्या वर्गात पेशंट होणाऱ्या मुलीला मी आधी कोपऱ्यात घेऊन सांगायची, तू एकदा तरी नाही म्हणायचं आहेस, कधी म्हणायचं ते तू ठरव. मुली वैतागायच्या. मी स्वतः पेशंट झाले की फारच कुरकुर करते अशी माझी ख्याती होती. त्याचं मूळ त्या पांघरुणाखाली आहे हे मी कुणाला सांगितलं नाही. त्या दिवशी मुली गेल्यावर मी मोरीत नळाखाली हात धरून बराच वेळ उभी होते, आणि मला वाटत होतं की मी कुसुमवर उपकार केला.

स्पर्धा एका मोठ्या सभागृहात होती. पुढे चार खाटा, चार पेशंट. पेशंट म्हणून एका कॉलेजातल्या मुली बोलावल्या होत्या. परीक्षकांत एक वयस्क डॉक्टर होते, गळ्यात मफलर, हातात शिसपेन्सिल. कुसुमचा भाऊ महादेव तिसऱ्या रांगेत बसला होता, टेरिलीनचा नवा शर्ट, घडीच्या रेघा अजून तशाच. त्याने येताना पेपर विकत घेतला होता आणि तो गुंडाळून मांडीवर धरला होता. उद्याच्या पेपरात नाव कुठल्या जागी येईल ते बघून ठेवल्यासारखा.

कुसुमने बँडेज बांधायला सुरुवात केली तेव्हा मागच्या रांगेतल्या दुसऱ्या शाळेच्या बाई पुढे वाकल्या. इतकं ते देखणं होतं. वेढ्यावर वेढा, सारख्या अंतरावर. पण तिचे हात त्या रविवारसारखेच ओढून चालले होते, ते मला तिच्या कोपरांवरून कळत होतं. सभागृहात तेवढं कळणारी मी एकटीच असेन. पिन लावायच्या आधी ती वाकली, गोड आवाजात म्हणाली, आर यू कम्फर्टेबल? इज इट टू टाइट?

खाटेवरची मुलगी म्हणाली, "हो, खूप घट्ट झालंय. बोटांना मुंग्या येतायत."

"थँक यू," कुसुम म्हणाली, नख दाबलं, सोडलं, आणि पिन लावली.

कुणीतरी हसलं. मग बरेच जण हसले. कुसुमने वर पाहिलं. तिला खरंच कळलं नव्हतं काय झालं ते. डॉक्टरांनी पेन्सिल कागदावर आडवी ठेवली, खाटेजवळ गेले, त्या मुलीची बोटं हातात घेतली आणि स्वतःच बँडेज सोडायला लागले. हळू हळू, सगळे वेढे. मी महादेवकडे बघितलं. तो हसणाऱ्या लोकांकडे बघत होता, आणि त्याच्या हातातला पेपर आणखी आणखी बारीक गुंडाळला जात होता.

त्या रात्रीच्या जेवणाला तुरीचे ओले सोले घातलेली वांग्याची भाजी आणि ज्वारीची भाकर होती. संध्याकाळची बुद्धवंदना झाली होती, उदबत्तीचा वास अजून होता. आई जेवत नव्हती, भाकरीचे तुकडे करत होती. लीलाम्माचा पहिला नंबर आला होता, त्याबद्दल कुणी बोललं नाही. "विचारलं तर तिने बरोबर होतं," आई बाबांना म्हणाली. "शब्दन् शब्द बरोबर. मग ऐकलं का नाही, हेच मला समजत नाही. बहिरी आहे का ती?"

मी म्हणाले, "मी कधी नाही म्हटलं नव्हतं."

आईने माझ्याकडे पाहिलं. मग मी सगळं सांगितलं. गेल्या रविवारची बोटं, पांघरूण. बोलायला लागल्यावर गार पाणी आणि खाटेचा काठही निघाला. आमच्या घरात मी एका दमात इतकं बोललेली कुणी ऐकलं नव्हतं. बाबा भाकर हातात धरून थांबले होते.

"दुखत होतं?" आई म्हणाली.

"हो."

"दर रविवारी?"

"हो."

मला वाटलं ती रागावेल. तिने ताट पुढे सरकवलं आणि बराच वेळ माझ्या हाताकडे, उजव्या, बघत राहिली. "आणि मी पायथ्याशी उभी राहून काय बघत होते?" ती म्हणाली. तो प्रश्न आम्हा दोघांना नव्हता.

दुसऱ्या दिवशी ती वसतिगृहात गेली तर कुसुमची पेटी नव्हती. स्पर्धेच्या संध्याकाळीच महादेव तिला घेऊन गेला होता. पुढच्या रविवारी सकाळी आईने मला उठवलं आणि सांगितलं, कपडे घाल, कुहीला जायचंय. मी म्हणाले, मी कशाला? ती वेणी घालता घालता म्हणाली, "मी एकटीने सांगितलं तर ते म्हणतील बाई शाळेतल्या पोरीला पाठीशी घालून राहिली. ज्याचं त्याने सांगावं." एस.टी.त मी सगळा वेळ मनात वाक्यं जुळवत होते, आधी इंग्रजीत, मग मराठीत. उमरेड रोडचं ऊन, मग बांधाबांधांची धानाची शेतं, कापून झालेली, नुसती खुंटं राहिलेली.

घर कुहीपासून थोडं आत होतं. अंगण सारवलेलं, एका बाजूला तणसाचा, धानाच्या पेंढ्याचा, उंच ढीग. कुसुमचे वडील बाजेवर बसून अंबाडीच्या दोराला पीळ देत होते. महादेव दारात उभा. कुसुम आत तांदूळ निवडत होती, सूप खाली ठेवून उंबऱ्यापर्यंत आली आणि तिथेच थांबली. पाणी आलं. आई अनोळखी गावात पाण्याचं भांडं आधी बघायची, मग प्यायची. ते का, हे मला त्या वयात विचारावं लागत नव्हतं. घरातले वापरत तीच भांडी होती, वेगळी काढलेली नव्हती. आई पाणी प्यायली आणि म्हणाली, चूक तुमच्या मुलीची नाही, माझ्या घरची आहे.

"आता सांगून का फायदा, बाई?" महादेव म्हणाला. "पेपरात तं दुसरीचंच नाव आलं. अन् हसले ते वेगळेच."

आईने मला कोपराने हलकेच ढोसलं. माझी सगळी वाक्यं गेली. मी अंगणाकडे बघून बोलले. "ती मला विचारायची. दर वेळी. मला दुखत असायचं आणि मी बरं आहे म्हणायचे. म्हणून तिला 'नाही' ऐकायची सवयच लागली नाही."

"दुखे तं सांगे काहून नाही वं?" महादेव म्हणाला. "जीभ नव्हती का?"

मी म्हणाले, "सवय होती."

म्हाताऱ्यांचा दोर थांबला. ते पहिल्यांदाच बोलले, आणि ते आईशी नाही, माझ्याशी बोलले. "हिची माय बी तशीच होती. कसं हाय म्हटलं का बरं हाय. ताटावरून अर्धपोटी उठे अन् बरं हाय म्हणे. तीन महिने बरं हाय, बरं हाय म्हणता म्हणता गेली. आम्ही बी इचारो. रोज इचारो. इचारलं का वावरात चालले जावो." त्यांनी दोर मांडीवर ठेवला. "हात धरून कोणीच नाही पाह्यलं तिचा."

कुसुम उंबऱ्यावर खाली बसली होती.

"पोरी," ते तिच्याकडे न बघता म्हणाले, "आता कोणी नाही म्हटलं तं ऐकू येईन का तुले?"

"येईन, बाबा."

"मंग जाय. महादेव, उद्या सकाळच्या गाडीनं नेऊन दे इले."

"अन् लग्न?"

"लग्न का पळून चाललं गा? राहीन तिथंच."

महादेवने एकदा तणसाच्या ढिगाकडे बघितलं, एकदा बापाकडे, आणि बैलांना पाणी दाखवायला निघून गेला. त्याला ते पटलं होतं असं नाही. पण दुसऱ्या दिवशी कुसुमची पेटी त्यानेच डोक्यावरून वसतिगृहापर्यंत आणली, हे मी नंतर ऐकलं. पुढच्या वर्षी आईने तिला स्पर्धेला पाठवलं नाही, आणि तिनेही विचारलं नाही. ती नोकरीत लागली तेव्हा तिच्या वॉर्डात आल्या आल्या पेशंटचा हात धरून गप्प बसायची तिची पद्धत होती. नव्या मुलींना वाटायचं, ही नाडी बघतेय, मग मोजत का नाही.

त्या दिवशी कुहीहून निघताना कुसुम आम्हाला बांधापर्यंत सोडायला आली. आई पुढे चालत होती. कुसुमने माझा उजवा हात धरला, पालथा केला, आणि एकेक नख दाबून बघितलं, पाचही. मग हात सोडला. "मी का मारलं असतं तुले?" ती म्हणाली. ती रागावलेली होती. मला तिचा तो राग अजून आठवतो, आणि इतक्या वर्षांनी तो आठवला की बरं वाटतं. त्या हिवाळ्यात माझ्याशी कुणी इतकं खरं बोललं नव्हतं.

परतीच्या गाडीत आमच्या पायाशी चिनोर तांदळाची पिशवी होती. म्हाताऱ्यांनी ती आईच्या हातात दिली नव्हती, आमच्या आधी कुणाकरवी गाडीत नेऊन ठेवली होती, म्हणजे नको म्हणायची सोय नव्हती. ऊन उतरलं होतं. खिडकीची काच अडकलेली, वारा सरळ आत येत होता. आईने विचारलं, "थंडी वाजतेय का?"

"नाही," मी म्हणाले. ते तोंडातून निघून गेलं.

आई बाहेर बघत राहिली. एक थांबा गेला, दोन बायका टोपल्या घेऊन चढल्या, कंडक्टरने घंटी ओढली.

"वाजतेय," मी म्हणाले.

तिने काच ओढून बघितली, ती हलली नाही. मग अंगावरची शाल काढून माझ्या खांद्यांवर टाकली, दोन्ही बाजूंनी नीट खोचली, दवाखान्यातल्यासारखी. "आता?"

मी जरा वेळ घेतला. खरंच बघितलं, कुठे वाजतेय, कुठे नाही.

"पाय गार आहेत अजून."

आईने वाकून तांदळाची पिशवी उचलली आणि माझ्या पावलांवर ठेवली. ती जड होती, आणि दिवसभराचं ऊन तिच्यात अजून शिल्लक होतं. नागपूर येईपर्यंत तिने तीनदा विचारलं, आणि तिन्ही वेळा मी वेगवेगळं उत्तर दिलं.